कोरी प्लेट

प्रयोगशाळेच्या फाटकाशी सकाळपासून ही झुंबड! कुंपणालगतच्या कडवट झुडपाला आता औषधालाही पान उरलं नव्हतं. कारण काय, तर मोठ्या साहेबांनी वर्तमानपत्रात ठोकून दिलं होतं : "पानाचा अर्क मलेरियाच्या जंतूंवर टाकला आणि शंभरातले शंभर खलास!"

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा तपासणारी भिंगवाली गर्दीतून वाट काढत होती. रांगेत तिला सख्खा भाऊ दिसला, अर्कासाठी हातात रिकामी बाटली घेऊन.

"दादा, तू? आणि पिल्लूच्या मलेरियाच्या गोळ्या?"

"बंद केल्या. कडू म्हणून ओकते गं ती. काल शेजारणीनं हा पाला वाटून दिला, पाजला. आज ताप नाही!"

"अरे, हा ताप एक दिवसाआडच येतो! आज यायचाच नव्हता. उद्या बघ."

"तुमचेच साहेब सांगतायत ना? तू त्यांच्यापेक्षा शहाणी?"

थाप भिंगवालीच्याच प्रयोगशाळेतून निघाली होती. पाच वर्षांची पोर, आणि गोळ्या अर्धवट सोडल्या की जंतू कसे उसळतात हे ती रोज काचेवर बघत होती. तिनं दादाचं मनगट धरलं आणि त्याला आत ओढलं.

आत वार्ताहरांसमोर साहेबांचं पुराण रंगलं होतं. "झुडपापाशी उभा होतो आणि पानानं मला हाक मारली!"

पानानं कुणालाही हाक मारली नव्हती. पानं स्पिरिटमध्ये भिजवली होती, आणि घाईत स्पिरिट उडू न देता तो अर्क तसाच प्लेटमध्ये ओतला होता. खरं तर प्रत्येक चाचणीत एक कोरी प्लेट ठेवायची असते : तेच रक्त, तेवढंच स्पिरिट, फक्त पान नाही. "पानावर अविश्वास कशाला?" म्हणून साहेबांनी ती वगळली होती. भिंगवालीनं ती दोन दिवसांपूर्वी गुपचूप लावली होती.

तिनं दादाला तिथल्याच सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. "दादा, डोळा लाव. जिवंत जंतू जांभळ्या अंगठीसारखा दिसतो. मेलेला म्हणजे आकसलेला काळा ठिपका. ही पानाच्या प्लेटमधल्या रक्ताची काच."

"सगळे ठिपकेच! बघ, मेले!"

"आता ही. हिच्यात पान नाही, नुसतं स्पिरिट."

दादा बराच वेळ वाकून राहिला. "इथेही... सगळे ठिपकेच."

साहेब खाकरले. "स्पिरिटमध्ये पानाचा सूक्ष्म अंश..."

"या स्पिरिटनं पानाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, साहेब."

वार्ताहर खो-खो हसले.

"म्हणजे पान कुचकामी?" दादानं विचारलं.

"कुणाला ठाऊक! इथे मारायला स्पिरिटच पुरेसं होतं. स्पिरिट उडवून, कोऱ्या प्लेटसकट पुन्हा बघू. गुण निघाला तर पहिली टाळी माझी. पण प्लेटमधले जंतू फिनेलनंही मरतात रे. फिनेल पाजशील पोरीला?"

दादा बाटली तिथेच ठेवून थेट डॉक्टरांकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "ताप आला गं. तू म्हणालीस तसाच."

"आणि गोळी?"

"डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्यात. आजची साखरेत चुरून दिली. ओकली नाही."

भिंगवालीनं डोळे पुसले आणि फाटकावर गेली. रांग अजून होतीच. ती ओरडून म्हणाली, "बाबांनो, चमत्कार सांगणाऱ्याला एवढंच विचारा : पान न घालता काय झालं असतं? उत्तर मिळेपर्यंत पोरांच्या गोळ्या थांबवू नका!"