काचेतली खंडेनवमी

जुन्या पोस्ट ऑफिसची बिल्डिंग घासूनपुसून तिच्यात तीन रेस्टॉरंट्स आणि एक साबणांचं दुकान घातलं, की दक्षिण ऑन्टारिओतलं हे मरगळलेलं डाउनटाउन एकदम पॅरिस होणार, अशी बिल्डरच्या माणसांची समजूत होती. जयंतीबाईंना त्याचं हसू यायचं. टॉवरवरचं घड्याळ अजून बंदच होतं, आणि खाली वाटीभर भोपळ्याच्या सुपाचं कौतुक चाललं होतं.

त्याच बिल्डिंगमध्ये त्या पंधरा वर्षं कपडे अल्टर करत होत्या. अर्ध्या गावाच्या पँट्स त्यांनी आखूड केल्या होत्या. आता लीज संपलं होतं, आणि नवं द्यायचं की नाही हे शंतनुच्या हातात होतं. शंतनु पुण्याचा, बिल्डरचा मॅनेजर, ऑफिसातही गळ्यात स्कार्फ. त्याने अट घातली, की उद्घाटनाच्या दिवशी काकूंनी दर्शनी काचेत बसून मशीन चालवायचं, म्हणजे लोकांना 'हेरिटेज' दिसेल. लीजवर सही त्यानंतर. मेला माकडाचा खेळ करायला सांगतोय, असं मनात म्हणत त्यांनी सोळा ऑक्टोबर कबूल केला. दुकान गेलं तर या वयात दुसरीकडे कुठे जायचं?

कॅलेंडर पाहिलं ते आदल्या दिवशी. सोळाला खंडेनवमी. हत्यारांची पूजा करायची, त्या दिवशी त्यांना काम सांगायचं नाही. नागपूरला शिवण शिकल्यापासून हे त्यांनी एकदाही मोडलं नव्हतं.

शनिवारी त्या काचेत बसल्या खऱ्या, पण मशीनला हळदकुंकू लावून. पाटावर टेप, सुया आणि पितळी मुठीची मोठी कात्री, वर कुंडीतला शेवटचा झेंडू. हात मांडीवर.

बाहेर नगरसेविका लाल रिबनपाशी उभी होती, पेपरचा फोटोग्राफरही आला होता. रिबन काकूंच्याच जुन्या कात्रीने कापायची, हे शंतनुने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"काकू, फक्त एक कट. इथे कोण बघतंय नवमी-बिवमी? Please, adjust करा ना."

त्या नाही म्हणाल्या. त्याने खिशातलं लीज अर्धवट बाहेर काढून दाखवलं. जयंतीबाईंना भीती वाटली, आणि भीती वाटली याचा संताप आला.

"कात्री आज उचलणार नाही. कागद हवं तर फाड. हातानेच फाड."

एवढं बोलून त्या बाहेर गेल्या आणि रिबनची गाठ बोटांनी सोडली. टाळ्या पडल्या. नगरसेविकेने ही कुठली पद्धत म्हणून विचारलं, तर शंतनु पुढे सरसावून इंग्रजीत सांगू लागला, की आमच्याकडे शुभदिवशी रिबन कापत नाहीत, सोडतात, फार प्राचीन परंपरा आहे. असल्या माणसाला थोबाडीत मारायचीही लाज वाटते.

फोटो झाले. तो पळत आत आला, लीज आणि पेन पुढे धरून. हे दर वर्षी करू, म्हणाला. पंधरा वर्षं त्या शिवत होत्या तेव्हा या फोटोवाल्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं.

जयंतीबाईंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, कात्रीशेजारी पाटावर ठेवलं आणि पेनालाही कुंकू लावलं.

"हे आता पूजेत आहे," त्या म्हणाल्या. "सही उद्या, दसऱ्याला. सकाळी सातला ये. आंघोळ करून."