खुंट्याजवळचा लाल माणूस

खिळा दातांत धरून मर्डोकने पहिलं चित्र उचललं आणि अग्निशमन दलाच्या सभागृहाच्या भिंतीला लावून धरलं.

“डावीकडे घे. अजून थोडं. लोकांनी काय मान वाकडी करून बघायचं?” शिडी धरून उभी असलेली शेजारीण व्हर्ना म्हणाली.

उद्या मर्डोकच्या बायकोची, एफीची शोकसभा होती. तिने चौतीस वर्षं गावाला चित्रकला शिकवली. शिष्यांनी आणून दिलेली चित्रं दर वर्षाचं एक अशी क्रमाने लावायचं व्हर्नाने ठरवलं होतं. एफी गेल्याचं दुःख मर्डोकला होतंच, पण त्याखाली एक जुना सल होता. लाल रेनकोट घातलेला त्यांचा सहा वर्षांचा मुलगा ईवन धक्क्यावरून समुद्रात पडून बुडाला, त्यानंतर एफीने लेकाचं नाव एकदाही काढलं नाही. वर्षभराने तिने त्याच धक्क्यावर चित्रकलेचा वर्ग भरवला. ती पोराला विसरली, असंच मर्डोक धरून चालला होता.

“एक खोड होती एफीला,” व्हर्ना म्हणाली. “धक्क्याचं चित्र संपत आलं की आमच्या हातातला ब्रश काढून घ्यायची आणि होड्या बांधायच्या खुंट्याजवळ एक लाल माणूस उभा करायची. म्हणे, त्याशिवाय धक्क्याची उंची कळत नाही. मी दोनदा खरवडून टाकला. तिसऱ्यांदा काढलाच तिने.”

मर्डोक हसला. सगळी चित्रं टांगून झाल्यावर त्याने चष्मा लावला.

पहिल्या चित्रातला लाल माणूस खुंट्याच्या निम्म्यापर्यंतच येत होता. सातव्यात तो खुंट्याएवढा झाला होता. पुढे खांदे भरले, हाती लॉबस्टर पकडायचा पिंजरा आला, मग शेजारी एक बाई. भिंतीला हात लावत मर्डोक चालत राहिला. गेल्या वर्षीच्या चित्रात लाल माणसाच्या कडेवर मूल होतं. इतकी वर्षं तिच्यावर धरलेला राग आता कुठे टाकावा, हे मर्डोकला कळेना.

शेवटच्या चित्रातला धक्का रिकामा होता.

“हे माझं,” व्हर्ना हळू आवाजात म्हणाली. “मंगळवारी ये, मग त्याला उभं करू, म्हणाली होती. सोमवारीच गेली.”

मर्डोकने रुमालासाठी खिसे चाचपले. खिशात खिळेच होते.

“लाल रंग आहे तुझ्याकडे?”

“आहे. पण तुला कुठे येतं काढता?”

“तू काढ. मी सांगतो.”

व्हर्नाने रंगाची नळी घेतली. झाकण लवकर निघेना.

“एक्केचाळिसावं लागलं असतं त्याला,” मर्डोक म्हणाला. “पोट जरा सुटलेलं दाखव. आमच्या घराण्यात सुटतं.”