कावळ्याला काय विचारता?

आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला जायची एक रीत आहे. हातात शहाळं घ्यायचं, खाटेशेजारी बसायचं, आणि ते माणूस मरणाबद्दल दोन शब्द बोलू लागलं की त्याचं तोंड बंद करायचं. "असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते!" झालं! त्याच्या पोटातलं पोटातच राहतं आणि आपण धीर दिल्याच्या समाधानात घरी येतो.

इंदापूर तालुक्यातल्या सिंधुबाईंचं असंच झालं. दोन एकर पेरूची बाग, मुलगा ज्ञानेश लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला, सून सुप्रिया, शाळकरी नात, आणि घरात विधवा नणंद प्रयागबाई. सिंधुबाईंना फुप्फुसाचा कॅन्सर होता. बारामतीच्या डॉक्टरांनी ज्ञानेशला स्पष्ट सांगितलं, "हा आजार आता बरा होणारा नाही. त्रास कमी करता येईल. पुढं श्वास अडला तर मशीन लावायचं की नाही, शेवटी कुठं राहायचंय, हे त्यांनाच विचारा. त्या बोलत्या आहेत तोवर विचारा."

ज्ञानेशनं हात जोडले. "डॉक्टर, आईला ह्यातलं काय बी कळू देऊ नका."

वेडा! ज्या आईनं जन्मभर त्याच्या नुसत्या तोंडाकडं बघून त्याचा ताप ओळखला, तिला काय कळायचं राहणार होतं?

एकदा ओसरीवर तोडलेल्या पेरूंना फोमची जाळी चढवता चढवता सिंधुबाई म्हणाल्या, "ज्ञाना, जरा बस. पुढं माझं जास्त झालं तर..."

"आई, गप. तुला काय हुत न्हाय."

दुसऱ्यांदा त्यांनी सुनेजवळ विषय काढला. सुप्रिया डोळे पुसत उठून गेली. तिसऱ्यांदा सगळे जेवायला बसले असताना. "भरल्या ताटावर कसलं बोलतीस गं?" ज्ञानेश ओरडलाच. त्यानंतर सिंधुबाई त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत.

आणि एका सकाळी श्वास अडला. गाडी करून बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "मशीन लावायचं का? त्यांची काही इच्छा होती?"

पॅसेजमध्ये भावकीतली चौदा माणसं उभी होती. ज्ञानेशनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. नको म्हणावं तर गाव म्हणणार, पोरानं आईला मारलं! आईची इच्छा माहीत असती तर त्यानं छातीठोकपणे सांगितली असती. पण ती त्यानं ऐकूनच घेतली नव्हती. त्यानं सही केली.

नऊ दिवस! सिंधुबाई नळी ओढायच्या म्हणून हात पट्टीनं खाटेला बांधलेले. भेट दिवसातून दोनदा, पाच पाच मिनिटं. ज्ञानेश कानाशी वाकून "आई" म्हणायचा. त्या डोळे उघडून बघत राहायच्या, आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळायचं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. आता तो सगळं ऐकायला तयार होता हो! पण तोंडात नळी होती. नवव्या दिवशी दुपारी सिंधुबाई गेल्या, तेव्हा ज्ञानेश खाली मेडिकलच्या रांगेत इंजेक्शनं घ्यायला उभा होता.

दहाव्याला उजनीच्या पाण्याकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, एकही खाली उतरेना. मग सुरू झालं. तुम्हीही बघितलं असेल हे. एकेक जण पुढं येऊन हात जोडू लागला.

"काकू, नातीचं शिक्षण पुरं करू!"

"वहिनी, बाग कुणी इकणार न्हाय!"

"ज्ञाना, तू बोल. जीव अडकलाय तिचा कशात तरी."

ज्ञानेश पुढं झाला. "आई, काय राहिलं गं तुझं? सांग की! काय पाहिजे ते करतो!"

मागं बायकांत बसलेल्या प्रयागबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "कावळ्याला काय इचारतोस रं?"

सगळे चपापले.

"जित्तेपणी ती तीनदा सांगाया बसली. तीनदा तुमी तिला गप केलं. आन मी बी ह्यातनं सुटत न्हाय. त्याच्या आदी एकदा तिचं केस धुताना मला म्हणली, 'वन्सं, माझं शेवटाला...' मी म्हणलं, पुरं कर, पाणी गार हुतंय. तिला सांगायला तोंड हुतं, आपल्याला इचारायला तोंड हुतं. तवा गप बसलो, आन आता पाखराला हात जोडताय व्हय!"

"आत्या, आमी तिच्या भल्यासाठीच..."

"तुझी माया खोटी न्हाय, लेकरा. पर मरणाचं बोललं म्हणून मरण येत न्हाय, आन न बोलल्यानं टळत न्हाय. न बोलल्यानं आजारी माणूस आपल्याच माणसांत एकटं पडतं. माझं बी हृदय चार आणेच चालतंय, ते मला ठाव हाय. फाइल तुमी कपाटात लपवलीय. मला वाचता येत न्हाय, पर चार पायऱ्या चढल्यावर दम मलाच लागतोय की! तवा माझं आत्ताच ऐक."

"आत्या, असं अभद्र..." सवयीनं ज्ञानेशच्या तोंडून निघालंच. तो मध्येच थांबला. मग तिथंच मातीत त्यांच्या पायांशी बसला. "सांग आत्या. मी ऐकतो."

"दुखलं तर औषध दे. बरं हुण्यासारखं असंल तर खुशाल दवाखान्यात ने. पर आता इलाज न्हाय असं डॉक्टर म्हणलं, की तोंडात नळी घालू दिऊ नको. मला घरी आण. मरताना मला तुझ्याशी बोलता आलं पाहिजे."

ज्ञानेश ढसाढसा रडला. आईलाही हेच सांगायचं होतं का? का दुसरंच काही? ते आता त्याला जन्मात कळणार नव्हतं. कावळा काही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला.

पुढच्याच आठवड्यात तो प्रयागबाईंना बारामतीला घेऊन गेला. या वेळी डॉक्टर ज्ञानेशशी नाही, प्रयागबाईंशी बोलले. काय हवं, काय नको, सगळं त्यांच्या तोंडून ऐकून कागदावर लिहिलं. मन बदललं तर कागदही बदलता येतो, हेही सांगितलं. दोन साक्षीदारांसमोर प्रयागबाईंनी अंगठा दिला, नोटरीचा शिक्का झाला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुला कुणी बोल लावणार न्हाय. माझं मीच सांगितलंय."

वाचकहो, माया म्हणजे आजारी माणसापासून मरण लपवणं नव्हे. त्याचं शेवटचं दुखणं कसं असावं, हे ठरवायचा पहिला हक्क त्याचा आहे, आणि तो आपण त्याला धीर देण्याच्या नावाखाली हिरावून घेतो. तुमच्या घरात कुणी खाटेवर असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. तुला काय हवं, काय नको, एवढं विचारा. ते रडेल, तुम्हीही रडाल. रडा! पण त्याला बोलता येतंय तोवर ऐकून घ्या.