नजीहाची पेज

कुवेत इराकच्या तावडीतून सुटलं तेव्हा शेजारच्या अरब देशातल्या आमच्या सरकारी हॉस्पिटलात खजूर आणि बकलावा वाटला. साहेबलोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. लढाई खलास. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरहद्दीपलीकडून इराकी बायका यायला लागल्या, हाडाला कातडं चिकटलेल्या. त्यांची लढाई तेव्हा कुठे सुरू झाली होती.

परदेशी रेडिओने त्यांच्या माणसांना सांगितलं होतं, उठा, हाकला तुमच्या त्या हुकूमशहाला. ती उठली. मग त्यांच्याच सरकारच्या फौजेने त्यांच्या गावांना वेढा घातला, आणि उठा म्हणणारे वाळवंटात आपापल्या रणगाड्यांवर बसून बघत राहिले. बकलावा त्यांनीही खाल्ला असेल.

मी बायकांच्या वॉर्डात आया. आमचे हे, हारून, तिथल्याच स्वयंपाकघरात. आम्ही मूळ हर्णैचे. अरबी मी फरशी पुसता पुसता शिकले, त्यामुळे शिव्या आधी आल्या, व्याकरण अजून यायचंय.

त्या बायकांतली नजीहा माझ्याहून बरीच लहान, पण दिसायची माझ्या आईसारखी. बोलायची नाही, खायची नाही, सलाइनची सुई उपटून टाकायची. आमच्या डॉक्टर अर्चना साताऱ्याच्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इस्मतताई, पोटात काही गेलं नाही तर ही वाचत नाही. पातळ, हलकं काहीतरी द्या. उपाशी पोटावर एकदम जड दिलं तर त्यानेही जाईल."

पातळ, हलकं म्हटल्यावर हर्णैच्या बाईला दुसरं काय सुचणार? आमच्याकडे ताप येऊ दे, बाळंतपण होऊ दे, नवरा मरू दे, शेजारीण पेज घेऊनच दारात उभी राहते. गावाहून आणलेला उकडा तांदूळ मी ट्रंकेत जपून ठेवला होता, पाहुण्यांनाही दाखवला नव्हता. तो भरपूर पाण्यात मऊ शिजवला, मीठ घातलं आणि गरम वाडगा तिच्यापुढे धरला.

तिने चमचा फिरवला. वर पाणी, तळाशी शितं. आणि वाडगा उचलून माझ्या अंगावर फेकला.

"तूसुद्धा?" ती म्हणाली. "तूसुद्धा पाणीच आणलंस?"

वॉर्डात आल्यापासूनचे तिचे हे पहिले शब्द. मी ओढणीवरची शितं वेचत उभी राहिले. ती थांबेना.

"वेढ्यात हेच शिजवत होतो आम्ही. मूठभर तांदूळ, हंडाभर पाणी. शितं पोरांना, पाणी आम्हाला. मग पोरांनाही पाणीच. माझी हौरा वाडग्यात बोट फिरवून विचारायची, यात भात कुठाय? रोज विचारायची. मग एक दिवस नाही विचारलं."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले.

"मोकळा भात करायचाय," मी ह्यांना म्हटलं.

"डॉक्टरांनी पातळ सांगितलंय."

"डॉक्टरांना मी बघते."

"आणि इकामा रद्द करून हर्णैला परत धाडलं तर? ज्याच्या जामिनावर इथे राहतो तो कफील तुझा मामा लागतो?"

"मग सरका बाजूला. म्हणा, बायकोने ऐकलं नाही. कोणालाही पटेल."

ते सरकले. मी ताट घेऊन वॉर्डात निघाले तेव्हा ह्यांनीच गुपचूप तळलेला कांदाही त्यात घातला.

अर्चनाबाईंनी ताट बघितलं. "ताई, हे तिला पचणार नाही हो."

"आणि पातळ ती गिळणार नाही. वाडग्यात तिला मेलेली लेक दिसते."

त्या खुर्ची ओढून बसल्या. "चार घास. पाचवा नाही. चावून चावून. आणि मी इथून हलणार नाही."

नजीहाने लालसर, जाडं शीत दोन बोटांत धरून निरखलं. "हा तांदूळ की गाढवाचे दात? आमचा अंबर तांदूळ शिजला की गल्लीभर वास जातो."

"काय म्हणते?" अर्चनाबाईंनी विचारलं.

"छान झालाय म्हणते."

पहिला घास नजीहाने ताटाच्या कडेला वेगळा काढून ठेवला. चार घासांत अर्चनाबाईंनी तो मोजला नाही. मग ती खायला लागली, कोणाचा तरी गळा चावावा तशी.

"मीठ नाही याला."

"आहे."

"नाही."

एरवी माझ्या भाताला नावं ठेवणारीचं मी काय केलं असतं, ते हर्णैत विचारा. पण पुढे मी रोज रांधलं आणि तिने रोज नावं ठेवली. हळूहळू घास वाढले, शिव्या वाढल्या, गालावर मांस आलं.

बरी झाली म्हणून तिला निर्वासितांच्या छावणीत पाठवलं. उघड्या वाळूत तंबू, आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण. वेढ्यातून जीव वाचवून आलेल्या बाईला ठेवायला जगाला हीच जागा मिळाली.

शुक्रवारी ह्यांच्यासोबत डबा घेऊन गेले. फाटकावरचा मिशीवाला शिपाई म्हणाला, "ममनू. बाहेरचं अन्न आत जाणार नाही."

"का?"

"नियम."

नजीहा तारेपलीकडे येऊन उभी होती. "आमच्या गावाबाहेरही एक उभा असायचा," ती त्याला म्हणाली. "तोही नियमच सांगायचा. मिशी मात्र तुझी बरी आहे."

मी तिथेच वाळूत बसकण मारली. डबा उघडला, भाताचा घास वळला आणि तारेतून हात आत घातला. काटा मनगटाला लागला.

"ममनू," तो पुन्हा म्हणाला.

"डबा बाहेरच आहे, भाऊ. हात तेवढा आत गेलाय. अडवायचा तर हात अडव."

तो ह्यांच्याकडे बघायला लागला. ह्यांनी आभाळाकडे पाहिलं.

नजीहाने वाकून घास तोंडात घेतला. शिपायावरची नजर न काढता सावकाश चावला, गिळला.

"मीठ," ती म्हणाली, "आज जास्त झालंय."