डाळिंबाला बांधलेलं टोपडं

मी एक जुनं, हिरव्या खणाचं टोपडं आहे. मित्रांनो, मला कधी कुठल्या बाळानं घातलं नाही. पण म्हणून माझी कीव करू नका.

मला चुडाव्याच्या कावेरीबाईंनी आपल्या लेकीच्या, सत्यशीलाच्या, होणाऱ्या बाळासाठी शिवलं. लग्न होऊन ती पेडगावला आली आणि मी तिच्या पेटीत, ओटीत आलेल्या खणांखाली पडून राहिलं. वर्षं गेली, बाळ आलं नाही. पेटी उघडली की सासूबाई, कस्तुराबाई, मोठा सुस्कारा टाकायच्या.

सत्यशीलानं परसात डाळिंब लावलं होतं. फळ धरलं की फुलपाखरू त्यावर अंडी घालायचं, अळी भोक पाडून आत शिरायची आणि फळ सडायचं. १९८४ साली सासरे दत्तराव म्हणाले, "औंदा बी किडलं तर कुऱ्हाड लावतो."

रेडिओवर सांगितलं होतं, फळ लिंबाएवढं झालं की कापडी पिशवीत बांधा. सत्यशीलानं सासूकडं जुनं धोतर मागितलं.

"झाडाला कापडं नेसवतीस व्हय? चिंधी बी मिळायची न्हाई!"

तिनं किडलेली फळं तोडून खड्ड्यात पुरली. मग स्वतःची पेटी उघडली आणि ओटीचे खण कापून पिशव्या शिवल्या. तरी एक फळ उघडंच राहिलं. तिनं मला उचललं.

"अगं, लेकराचं टोपडं हाय ते!" कस्तुराबाई ओरडल्या.

"लेकरू आलं तर दुसरं शिवीन, आत्याबाई. अळी आत्ताच आली हाय."

माझं तोंड चुणून तिनं माझे बंद देठाला आवळले. शेजारच्या सुमनबाई कुंपणावरून हसल्या, "बारसं कधी हाय गं?"

"पिकल्यावर या. घुगऱ्या न्हाईत, दाणे देते!"

मी उन्हात विटलं, पण सुटलं नाही. फुलपाखरं माझ्यावर बसली आणि उडून गेली. दोन पिशव्या खारींनी फाडल्या. ती फळं गेली. शेवटी दत्तरावांनी स्वतः मला सोडलं, फळ फिरवून फिरवून भोक शोधलं. नव्हतं. त्यांनी ते फोडलं, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "लय गोड हाय. ऱ्हाऊ द्या झाड."

सत्यशीलाला पुढं बाळ झालं का, असं तुम्ही विचाराल. सगळे तेच विचारतात. मित्रांनो, मला डाळिंबाचं विचारा! तुमच्या परसात फळ धरलं असेल, तर आज जाऊन त्याच्याकडे बघा. आणि घरात एखादं कापड कुणाची तरी वाट बघत घडीत पडलं असेल, तर ते बाहेर काढा. त्याला काम द्या.