फ्रेम धरून रुंदी

बाबांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी गोपाळकृष्णकाका मोजायची टेप घेऊन आले. बाबांचे थोरले भाऊ. दुःखात माणसाला हाताला काम लागतं. काकांना ते आमच्या भिंतीत सापडलं.

मांडवीच्या आमच्या घरी ओटीवरच्या भिंतीवर गेलेली माणसं वयाच्या क्रमाने टांगलेली आहेत. नियम दोनच. ओळ मोडायची नाही, आणि धाकट्याचा फोटो थोरल्यापेक्षा रुंद करायचा नाही. जिवंतपणी कोण किती मोठं, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही; मेल्यावर ते इंचांत कळतं.

"टोक धर गो, मृणाली," काका म्हणाले. आजीच्या फ्रेमपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत तीस इंच भरले. "मधल्या तीन फटी दोन-दोन इंचांच्या, म्हणजे सहा गेले. उरले चोवीस. चौदा माझे. आत्मारामला दहा."

"तुमचे?"

"मग? थोरला मी. आधी मी, मग तो."

"काका, तुम्ही अजून आहात."

"म्हणूनच आत्ता सोडायची जागा. कलम लावताना झाड पुढे केवढं होणार ते बघून अंतर सोडतो ना आपण?"

काका पुढे चौदा इंच होणार होते. बाबांची वाढ मात्र थांबली होती, त्यामुळे त्यांचं दहात भागायला हरकत नव्हती.

मला हरकत होती. बाबा फोटोसाठी उभे राहिले की वीजबिल भरायला रांगेत असल्यासारखे दिसत. हसताना त्यांचा एकच फोटो आहे, वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरचा. त्यात मी शेजारी आहे आणि माझा हात त्यांच्या खांद्यावर आहे. स्टुडिओवाल्याने मला कापलं, तेव्हा मी त्याला बोटं तेवढी ठेवायला सांगितलं. बोटांसकट फोटो बारा इंच होतो. दहाचा केला की बोटं जातात, हे मी काकांना सांगितलं.

"जाऊ देत की," हेमाकाकू आतून चहा घेऊन येत म्हणाली. "जिवंत माणसाला हार घालतात होय? अभद्र ते."

जिवंत माणसाची जागा भिंतीवर राखून ठेवणं शुभ असावं. मी चहा घेतला.

मग माझ्या लक्षात आलं. काकांनी फोटो मोजले होते, फ्रेम नाही. लाकडी पट्टी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच.

"काका, फ्रेम धरून तुम्ही सतरा. चोविसातून सतरा गेले, राहिले सात. त्यातून बाबांच्या पट्टीचे तीन काढा."

काकांनी बोटांवर हिशेब केला. "चार."

"चार इंचांत बाबा. आधार कार्डावर बरे दिसतील."

"मग तू सांग, शहाणी आहेस तर."

"फोटो बारा, पट्टीचे तीन, एकूण पंधरा. तिसातून पंधरा उरतात. निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. बाबा मधोमध."

"आणि मी?"

"यांना खिडकीत बसवू," काकू म्हणाली. "वारा लागेल. येणाजाणाऱ्यांची चौकशी पण होईल."

काका हसले नाहीत. टेप सरकन आत गेली. ते फोटोकडे बघत राहिले. "माझ्याआधी जायची याला काय घाई होती गो," एवढंच म्हणाले, आणि हातोडी माझ्याकडे न देता स्वतःच खिळा ठोकला. बरोबर मधोमध, पंधरा इंचांवर.

बोटांचा प्रश्न राहिलाच. काकूने चंदनाचा हार आणला, फ्रेमच्या दोन्ही कोपऱ्यांवर घालून पाहिला. तो नेमका माझ्या बोटांवरून जात होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. कापायचं तर आत्ता कापता येईल, असं ती म्हणेल याची मी वाट पाहत होते.

तिने हाराचं एक टोक काढलं, दुमडलं आणि सगळा हार बाबांच्या दुसऱ्या खांद्याकडच्या कोपऱ्यावर अडकवला.

"हे काय?" काका म्हणाले. "एका अंगाला लोंबतोय."

"लोंबू दे," काकू म्हणाली. "दुसऱ्या अंगाला पोर आहे."