विमान रोखणारा ठोकळा

मित्रांनो, विमान उडालं की सगळे माना वर करून बघतात. ते जमिनीवर थांबतं कोणाच्या जोरावर, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या जोरावर! मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. बढाई वाटली तर वाटू द्या. खरं सांगायला मी का लाजू?

एका सुताराने मला जाड, पोक्त लाकडातून घडवलं. एका बाजूला उतार दिला, पोटाखाली लोखंडी दात ठोकले, पिवळा रंग फासला आणि कडेला दोरी बांधली. विमान येऊन उभं राहिलं की मला चाकाला भिडवायचं. तापलेली चाकं निवावीत म्हणून वैमानिक ब्रेक सोडतो. मग ते अवाढव्य धूड माझ्याच भरवशावर उभं असतं. कित्येक वर्षं मी हे काम केलं. एकही विमान माझ्यापुढे बोटभर सरकलं नाही.

पुढे रबरी ठोकळे आले. वजनाला हलके, दिसायला गुबगुबीत. मुकादमांना ते फार आवडले. माझी रवानगी कामगारांच्या चहाच्या खोलीत झाली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मी तिथे पडून राहू लागलो. येणारा-जाणारा माझ्यावर ठेचकाळायचा आणि वर मलाच शिव्या घालायचा. मला फार वाईट वाटायचं. विमानांना ठोकळे लावणारी ताई तेवढी मला पायाने न ढकलता हाताने उचलून बाजूला ठेवायची.

एके दिवशी ताईचे वडील, अप्पा, पहिल्यांदाच विमानाने येणार होते. सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. पण तिकडून विमान सुटायलाच दुपार उलटली, आणि इकडे आभाळ काळंठिक्कर झालं. वारापावसाने खोलीचे पत्रे थडथडू लागले. ढगांवरून विमानाचा आवाज यायचा, दूर जायचा, पुन्हा यायचा. एकदा ते खाली आलं आणि चाकं टेकणार इतक्यात तसंच वर निघून गेलं. ताईच्या हातातला चहा हातातच राहिला.

"अगं, वैमानिक कसलेला आहे," मुकादम म्हणाले. "उतरवेल बरोबर."

"उतरवेल हो. पण पुढे काय? मघाशी ते रबरी ठोकळे साबणासारखे घसरत होते. बघितलंत ना तुम्ही?"

असं म्हणत तिने मला दारातून उचललं. मुकादम हसले. "आता लाकडं गोळा करणार का?"

"माझा बाप आहे त्यात," ताई म्हणाली आणि मला काखोटीला मारून पावसात शिरली.

अखेर विमान उतरलं. ते थांबताच ताईने मला पुढच्या चाकामागे गच्च बसवलं, मोठ्या चाकांना रबरी ठोकळे लावले आणि मुठी जुळवून 'ठोकळे लागले' अशी वैमानिकाला खूण केली. त्याने ब्रेक सोडला. इंजिन बंद झालं, तोच विजा कडाडू लागल्या. भोंगा वाजला. विजा पडत असताना मैदानात कोणी थांबायचं नाही, असा नियम आहे. सगळ्यांना आत पळावं लागलं आणि शिडी लावायची राहून गेली. विमानात माणसं अडकलेली, मागे घाईत सोडून दिलेला इंधनाचा टँकर, आणि समोरून वारा!

पहिल्याच तडाख्याला रबरी मंडळींनी माघार घेतली. ती सरकन घसरली आणि सगळं विमान माझ्यावर आलं. मित्रांनो, मी घाबरलो. माझे दात काँक्रीटमध्ये रुतले, अंग करकरलं, एका बाजूला चीर गेली. वरून रडण्याचे आवाज येत होते. पलीकडे चहाच्या खोलीत खिडकीच्या काचेला कपाळ टेकून ताई उभी होती. चाक माझ्या छातीवर चढू बघत होतं. 'चढ, बघू तुझी ताकद!' असं म्हणत मी जागा धरून राहिलो. विमान कण्हलं, डोललं, पण मागे गेलं नाही.

वारा पडला, शिडी लागली. माणसं उतरली आणि वैमानिकाचे आभार मानत निघून जाऊ लागली. माझ्याकडे कोण बघतो! अप्पा मात्र शिडीपाशी उभ्या असलेल्या ताईजवळ थांबले.

"पोरी, वर आभाळात हललं त्याहून जास्त इथे उभ्याउभ्या हललं गं. वाटलं, आता मागे जातंय. थांबलं तरी कशाने?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याने. आणि ह्याला मी लावलं."

अप्पा वाकले. त्यांनी माझ्या चिरेवरून हात फिरवला आणि तोच ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. मागून येणाऱ्या प्रवाशाने काही विचारलंही नव्हतं, तरी त्याला म्हणाले, "माझी पोर विमानं थांबवते." ताईला रडू फुटलं. माझा ऊर तर असा भरून आला की चीर आणखी रुंदावते की काय, असं वाटलं.

आता त्या चिरेवर लोखंडी पट्टी आहे आणि मी पुन्हा मैदानात आहे. काम झालं की मुकादम स्वतः मला पुसून कोरडा ठेवतात. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी दाराशी पडलेलं असेल. त्याला लाथ मारू नका. त्याला पुसा, तेलपाणी करा, आणि त्याच्याजोगं काम द्या.

काही दिवसांनी अप्पा परत निघाले. विमान निघताना मला ओढून काढायचं, हेही ताईचंच काम. तिने दोरी ओढली आणि 'वाट मोकळी आहे' असं सांगायला मला उंच धरून वैमानिकाला दाखवलं. खिडकीतून अप्पा हात हलवत होते. विमान दिसेनासं झालं तरी तिने मला खाली ठेवलं नाही.